दोन पातेली, एक जीभ

गुरुवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी आजोबा कॅन्टीनच्या कोठीत कांद्याच्या पोत्यावर कोसळले, आणि रविवारी दुपारी अख्खं घर आजोबांवर तुटून पडलं. मधले दोन दिवस ते वरच्या वॉर्डात होते. एवढी सोय फार थोड्यांच्या नशिबी येते: पडायला हॉस्पिटलचं तळघर, उचलायला स्वतःचा मुलगा, आणि तो मुलगा लिफ्टमन! प्रेशर भरलं एकशे नव्वद वर एकशे दहा. डॉक्टर म्हणाले, "मीठ तोडा."

आजोबांनी विचारलं, "कुणाचं?"

एक्केचाळीस वर्षं या तळघरातलं मीठ आजोबांच्या जिभेवर चालत आलं होतं. रोज पहाटे साडेपाचला सूपचं मोठं पातेलं तयार व्हायचं. काका, काकू आणि कॅन्टीनची सगळी माणसं रांगेत उभी राहायची. आजोबा पळी बुडवायचे, फुंकर मारायचे, चाखायचे. मग "हं" तरी म्हणायचे, नाहीतर "फिकं" तरी. "हं" आलं की शटर वर. "फिकं" आलं की काका मूठभर मीठ टाकणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्या पळीआधी पातेल्यात कुणी चमचा घालायचा नाही, आणि त्या पळीनंतर कुणी मीठ मागायचं नाही. म्हणूनच कॅन्टीनच्या अकरा टेबलांपैकी एकावरही मिठाची बाटली नव्हती. एकदा एका पाहुण्याने मीठ मागितलं तर आजोबांनी त्याला कान-नाक-घशाच्या विभागाचा रस्ता दाखवला होता.

पूर्वी महिन्यातून एखादं "फिकं" यायचं. हल्ली रोज, कधी दोनदासुद्धा. सूप पिऊन झालं की माणसं वॉटर कूलरपुढे रांग लावायची, तीन-तीन पेले पाणी घटाघटा प्यायची आणि एकमेकांना सांगायची, "चव असावी तर अशी!"

तर रविवारी दुपारी ओपीडी बंद, शटर अर्ध्यावर, आणि कोपऱ्यातल्या गोल टेबलाभोवती हे सगळे. आजोबा मधल्या खुर्चीत. एका बाजूला काका, म्हणजे कॅन्टीनचे सध्याचे मालक, पोटावर ॲप्रन घट्ट बसलेला. दुसऱ्या बाजूला आत्या. ती याच इमारतीत चौथ्या मजल्यावर आहारतज्ज्ञ. वर ती माणसांना जे जे खाऊ नका म्हणून लिहून देई, ते ते सगळं खाली तिचा सख्खा भाऊ गरमागरम विकत असे. आणि या दोघांना वरखाली करणारे आमचे लिफ्टमन, धाकटे, टाचणीचे बाबा. वीस वर्षं लिफ्टमध्ये काढल्यामुळे बाबांना कुठल्याच मजल्यावर फार वेळ थांबता येत नसे.

टाचणी म्हणजे त्यांची मुलगी, दहावीतली. तिचं हे नाव का पडलं ते पुढे कळेलच.

"अण्णा, हात पुढे करा," आत्याने प्रेशरचं मशीन टेबलावर ठेवलं.

"कालच मोजलंस."

"काल काल होतं."

"आणि आज रविवार आहे. रविवारी मशीनलासुद्धा सुट्टी असते."

"हे बघा, मी सरळ सांगते," आत्याने चष्मा वर सारला. ती सरळ सांगायला लागली की पंधरा मिनिटांची निश्चिंती. "वय झालं की जीभ मंदावते. जीभ मंदावली की माणूस मीठ वाढवतो. मीठ वाढलं की प्रेशर वाढतं. आणि सवय अशी वाईट की काल जे खारट होतं ते आज बरोबर लागतं, उद्या फिकं. पण हेच उलटंही होतं! मीठ हळूहळू कमी करा, दोन-तीन महिने कळ काढा, जीभ आपोआप ताळ्यावर येते. मी स्वतः आणलीय. माझ्या जिभेला आता मिठाचा एक कण इकडचा तिकडे झाला तरी कळतं."

टाचणीने छताकडे पाहिलं. आत्याच्या ऑफिसातल्या खालच्या खणात खारवलेल्या वेफर्सची सात पाकिटं आहेत हे तिला माहीत होतं. परवापर्यंत आठ होती.

"म्हणजे माझी जीभ मंदावली," आजोबा म्हणाले.

"मी असं म्हटलं नाही."

"म्हटलंस की. जिभेला हाड नाही तुझ्या."

"डॉक्टरीणबाई," काका मध्ये पडले, "अण्णांच्या जिभेवर हे कॅन्टीन उभं आहे."

"मी डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ आहे. आणि दादा, ते गुरुवारी कांद्यावर आडवे झाले होते."

"तोच तर पुरावा! आडवे झाले तेव्हा हातात पळी तशीच होती. थेंब सांडला नाही."

"तू त्यांना घालवशील एक दिवस!"

हे बोलून झाल्यावर आत्यालाच कसंतरी झालं.

"आपण चहा घेऊ या का?" बाबा म्हणाले. बाबांचा चहा म्हणजे चार चमचे साखर आणि ओल व्हावी म्हणून थोडा चहा.

"थांब," आजोबा म्हणाले. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर ठेवले. "उगाच हवेत भांडू नका. जीभ आहे, सूप आहे, करून बघू. सूनबाईला सांगा दोन पातेली करायला. एकात आपलं रोजचं मीठ, दुसऱ्यात हिच्या पथ्याच्या कागदावरचं निम्मं. कुठलं कुठलं ते मला सांगायचं नाही. मी ओळखलं, तर या घरात मिठाचं नाव कुणी काढायचं नाही. मी मरेपर्यंत."

"आणि नाही ओळखलं तर?" आत्याने विचारलं.

आजोबांनी घसा साफ केला. "तर तीन महिने तू म्हणशील ते. आणि पळी खाली ठेवीन."

काकांचं तोंड उघडं राहिलं. पळी खाली ठेवणं म्हणजे काय ते तळघरातल्या सगळ्यांना कळत होतं. पळीविना आजोबा म्हणजे कॅन्टीनमधली आणखी एक रिकामी खुर्ची.

*

स्वयंपाकघरात काकू कांदा चिरत होती.

बावीस वर्षं ती हे सूप करत होती. टोमॅटो तिचे, कांदा तिचा, गाजर तिचं, वाफेने लाल झालेले डोळे तिचे. फक्त चव आजोबांची. तिला गेली कित्येक वर्षं हे सूप खारट लागत होतं, पण तिला कुणी विचारलं नव्हतं आणि विचारल्याशिवाय सांगायची तिला सवय नव्हती. संध्याकाळी तिचे पाय सुजायचे. बोटातली अंगठी चार वर्षं निघत नव्हती. नवऱ्याला दाखवली तेव्हा तो म्हणाला होता, "बघ, आपलं नातं कसं घट्ट आहे."

तिने लाल दांडीचं पातेलं एका शेगडीवर चढवलं, निळ्या दांडीचं दुसऱ्या. ठरलं असं होतं की लालमध्ये रोजचं मीठ, निळ्यात निम्मं. हे आजोबा सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

पहिले आले काका. दार लोटून घेतलं.

"ऐक. लालमध्ये दोन मुठी जास्त टाक."

"आधीच काय कमी असतं?"

"अगं, अण्णांना फरक ढळढळीत कळला पाहिजे. जिंकले पाहिजेत ते. नाहीतर उद्यापासून ती वरची बाई येऊन आपल्या डोक्यावर बसेल, आणि इथे गवत विकावं लागेल."

"बरं," काकू म्हणाली.

काका जातात न जातात तोच मागच्या दाराने आत्या.

"वहिनी, माझं एक काम करा. निळ्यात मिरपूड आणि लिंबू जरा सढळ हाताने. आंबट-तिखट असलं की मीठ कमी आहे हे जिभेला कळत नाही. शास्त्र आहे."

"ही फसवणूक झाली ना पण, वन्सं?"

"औषध गुळात लपवून देतात तेव्हा कोणी फसवणूक म्हणतं का? बाप आहे माझा. परवा वॉर्डात रात्री बारा वेळा उठून बघून आले, श्वास चाललाय की नाही ते." आत्याचा आवाज जरा चिरकला. तो लपवायला तिने शेगडीची ज्योत उगाच बारीक केली आणि गेली.

"बरं," काकू बंद दाराला म्हणाली, आणि ज्योत पुन्हा मोठी केली.

मग बाबा. बाबा आत आले नाहीत, उंबऱ्यावरच थांबले. एक पाय आत, एक बाहेर.

"वहिनी, असं करा ना. दोन्हींत सारखंच घाला. म्हणजे काय, बरोबरी. कोणी जिंकलं नाही, कोणी हरलं नाही. मग आपण चहा घेऊ."

"भाऊजी, कांदा चिरता का जरा?"

"लिफ्टची बेल वाजली वाटतं," बाबा म्हणाले. लिफ्टची बेल तळघरात ऐकू येत नसे.

काकू उभी राहिली. मीठ सांगायला तीन माणसं आली, कांदा चिरायला एक नाही! दादल्याचं ऐकावं तर सासरा वरच्या वॉर्डात. नणंदेचं ऐकावं तर नवरा तोंड फुगवून. दिराचं ऐकावं तर दोघेही गळ्याशी. आणि बावीस वर्षांत एकानेही, चुकून का होईना, "तुला काय वाटतं गं?" असं म्हटलं नव्हतं.

तिने मिठाची बरणी उचलली, झाकण गच्च फिरवलं आणि हात पुरणार नाही अशा फळीवर नेऊन ठेवली. दोन्ही पातेल्यांत मिठाचा एक कण पडला नाही.

"घ्या," ती सुपाला म्हणाली. "आता भांडा."

*

सहा वाडगे, दोन पातेली, एक पळी. आजोबांनी बाह्या वर केल्या. गुरुवारपासून पहिल्यांदाच त्यांच्या गालांवर जरा रंग दिसत होता.

आधी लाल. पळी बुडाली, वर आली, फुंकर, घोट. सगळ्यांचे डोळे आजोबांच्या तोंडावर. आजोबांनी डोळे मिटले नाहीत. ते कधीच मिटत नसत. चाखताना ते समोर रोखून बघत, आणि समोर नेहमी काका असत. काका आता खुशीत होते. दोन मुठी जास्त! अण्णा, सुटलात!

मग निळं. फुंकर, घोट. काकांचा हात आपोआप कानामागे गेला आणि खाजवू लागला.

"निळं फिकं," आजोबा म्हणाले. "लाल बरोबर. हं."

"अण्णा!" काकांनी टेबलावर थाप मारली. वाडगे नाचले. "एक्केचाळीस वर्षं! एक्केचाळीस! याला म्हणतात जीभ! कुठे गेलं तुझं ते शास्त्र?"

रिवाजाप्रमाणे आजोबांच्या नंतर सगळ्यांनी चाखायचं. काकांनी लालमधला चमचा भरून तोंडात घातला. काहीच लागेना! भांडी विसळलेल्या कोमट पाण्यासारखं! पण यात तर नेहमीचं मीठ अधिक दोन मुठी होत्या, त्यांनी स्वतः सांगितल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या अण्णांना जे कळतं ते आपल्याला एक्कावन्नाव्या वर्षी कळत नाही? मग ही पळी उद्या आपल्या हातात कोण देणार?

"वाहवा!" काका म्हणाले. कपाळावर घाम होता. "चोख! इकडे नाही, तिकडे नाही!"

आत्याने निळं घेतलं. लिंबू नाही. मिरपूड नाही. मीठ तर औषधालाही नाही. तिने पुन्हा एक घोट घेतला, जीभ टाळ्याला घासली. तिच्या डोळ्यांपुढे तो खालचा खण उभा राहिला, एकामागून एक फोडलेली पाकिटं. वेफर्सनी जीभ जाळली आपली! एका कणाच्या बाता मारणारी मी, आणि मला निम्मं मीठही लागू नये?

"माझ्या मते," ती सावकाश म्हणाली, "निळ्यातही मीठ अगदी पुरेसं जाणवतंय. उलट जास्त संतुलित आहे. मागे थोडा लिंबाचा स्पर्श."

"लालमध्ये भरीवपणा आहे," काका म्हणाले.

"निळ्यात खोली आहे."

"दोन्ही छान आहेत," बाबा म्हणाले. त्यांनी अजून चमचा उचललाच नव्हता.

आणि इथे टाचणीने दोन्ही चाखली. तिला नुकताच एक शोध लागला होता: आपण तोंड उघडलं की मोठी माणसं गप्प होतात, आणि हे फारच मजेशीर असतं. मागच्या महिन्यात वर्गात तिने पहिल्यांदा हात वर करून बाईंना फळ्यावरचं उत्तर चुकल्याचं सांगितलं होतं, आणि उत्तर खरंच चुकलेलं निघालं होतं. तेव्हापासून तिचा हात खालीच येत नव्हता.

"दोन्ही सारखी आहेत," ती म्हणाली. "दोन्हींत मीठच नाही."

"गप," काका म्हणाले.

"कमी नाही म्हणत मी. नाहीच आहे. शून्य."

"तुम्ही मुलं येता-जाता ती पाकिटं खाता, कुठून कळणार तुम्हाला!" आत्या म्हणाली.

"कोण, मी? पाकिटं? आत्या, खालच्या खणात..."

"तू मोठ्यांच्या मध्ये बोलू नकोस!"

"चाखा ना पण परत! मनापासून! अळणी आहे सगळं!"

"टाचणे," बाबा कळवळून म्हणाले, "आत्ताच सगळ्यांचं पटलं होतं गं."

"ती बरोबर बोलतेय."

हे दारातून आलं. काकू पदराला हात पुसत उभी होती. इतक्या वर्षांत गोल टेबलाकडे तोंड करून तिने टाकलेलं हे पहिलं वाक्य असावं, कारण सगळे आवाजाकडे न बघता एकमेकांकडे बघू लागले.

"मीठ घातलंच नाही मी. लालमध्ये नाही, निळ्यात नाही. लिंबूसुद्धा नाही, वन्सं. तुम्ही तिघांनी तीन तऱ्हा सांगितल्या, मी म्हटलं, तुमची तुम्ही घाला."

तिघांनी? आजोबांनी एकेकाकडे बघितलं. काकांनी ॲप्रनची नाडी सोडून पुन्हा बांधली. आत्याने मशीनची नळी गुंडाळली. बाबांनी आता चमचा उचलला, कारण काहीतरी करणं भाग होतं, आणि एक घोट घेऊन प्रामाणिकपणे म्हणाले, "अरे, खरंच नाही."

*

आजोबा हसायला लागले.

आधी नुसते खांदे हलले, मग पोट. काकांना वाटलं, परत चक्कर. आत्या उठून मनगट धरायला धावली.

"बस, बस. नाही मरत. सहा वर्षं, पोरांनो! सहा वर्षं मला मिठाचा पत्ता नाही."

"म्हणजे?"

"तो मोठा ताप आला होता ना, बारा दिवसांचा? त्यात गेलं ते. साखर थोडी लागते. आंबट लागतं. खारट म्हणून जे काही असतं ते संपलं. मीठ म्हणजे मला आता नुसती करकर. वाळूसारखी."

"मग रोज सकाळी..." काका पुढे झुकले. "रोज सकाळी तुम्ही 'फिकं' कशावरून म्हणत होता?"

"तुझ्यावरून. तू कान खाजवलास की मी समजायचो, सुपात काहीतरी कमी आहे. मग 'फिकं'. गप उभा राहिलास की 'हं'."

काका खुर्चीत मागे कोसळले. "अण्णा, मी कान खाजवायचो ते तुम्ही 'फिकं' म्हणाल या भीतीने!"

हळूहळू एकेकाच्या डोक्यात ते चक्र फिरायला लागलं. काका घाबरणार, कान खाजवणार. आजोबा कान बघणार, "फिकं" म्हणणार. काका मूठ टाकणार आणि उद्यासाठी आणखी घाबरणार. सहा वर्षं एक कान आणि एक मूठ मिळून अख्ख्या हॉस्पिटलला जेवू घालत होती. जीभ यात कुणाचीच नव्हती!

"तुम्ही सगळे माझ्या तोंडाकडे बघायचात," आजोबा म्हणाले, "आणि मी तुमच्या. सुपाकडे कोण बघणार?"

"पण अण्णा, सांगायचं तरी!" आत्याला रडू की राग ते ठरवता येईना. "गोळ्या वाढवल्या तुमच्या आम्ही. मी रोज कागद करत बसले. एका शब्दाने सांगितलं असतंत तर..."

"तर काय? पळी काढून घेतली असतीत." हसू ओसरलं होतं. "घरी टीव्हीचा रिमोट माझ्या हातात कुणी देत नाही. 'अण्णा, तुम्हाला नाही कळणार, इकडे द्या.' बँकेत तुम्ही, डॉक्टरकडे तुम्ही, सह्या तुमच्या. पण पहाटे साडेपाचला सगळी माणसं श्वास रोखून माझ्याकडे बघतात. अर्धा मिनिट. तेवढ्यासाठी उठायचो मी. कळत नाही म्हटलं असतं, तर उठून करायचं काय?"

बाबांना "चहा" म्हणायचं होतं. त्यांनी तो शब्द गिळला. बाबांनी गिळलेली ही पहिली बिनसाखरेची गोष्ट.

"हात द्या," आत्या म्हणाली. या वेळी आजोबांनी काही न बोलता हात दिला. पट्टा फुगला, सुटला. एकशे बहात्तर.

"आता त्याचा घे," आजोबांनी काकांकडे बोट केलं.

"माझा कशाला? मी ठणठणीत आहे."

"घे म्हणतोय ना."

एकशे चौसष्ट. काकांनी मशीनवर दोन टिचक्या मारल्या, मग तोंड पाडून बसले.

"आता तुझा."

"माझं मी वर जाऊन मोजते," आत्या म्हणाली.

"इथलं मशीन आवडत नाही का?" टाचणीने विचारलं. (तिचं नाव टाचणी का, हे आता सांगायला नको.) आणि पट्टा तिनेच बांधला. एकशे बावन्न. आत्याने आकडा नीट वाचता यावा म्हणून चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तो एकशे बावन्नच राहिला.

"वेफर्स," ती पुटपुटली.

बाबांचं एकशे अठरा निघालं. साखर मोजायचं मशीन टेबलावर नव्हतं म्हणून ते वाचले.

"तर पैज मी हरलो," आजोबा म्हणाले. "तीन महिने ही म्हणेल ते. उद्यापासून मीठ कमी."

"अण्णा, नको, ती पैज मुळात रद्द..." काका म्हणाले.

"हरलो म्हणतोय ना! आणि हे बघ, कमी असलं काय, नसलं काय, मला काय फरक? मला तर लागतच नाही." म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आता नुसता खट्याळपणा होता. "पथ्य माझं, तोंडं वाकडी होणार तुमची."

हे खरं होतं आणि भयंकर होतं. काकांनी डोकं धरलं. "कॅन्टीनचं काय? सूप असं अळणी केलं तर गिऱ्हाईक पळेल!"

"गिऱ्हाईक आजारी आहे, रे. पळून पळून जाईल कुठे?"

"एकदम नाही करायचं," आत्या म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता, वरच्या मजल्यावरून तळघरात आल्यासारखा. "दर आठवड्याला थोडंथोडं. कुणाला कळणारही नाही. मी पण... मीही तुमच्याबरोबर पुन्हा पहिल्यापासून करीन."

"आणि किती थोडं ते सकाळी ठरवणार कोण?" काकांनी विचारलं, आणि विचारल्याबरोबर त्यांचा हात कानाकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्यांनीच तो पकडला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

आजोबांनी लाल पातेलं पुढे ओढलं, वाडगा भरून घेतला आणि जेवायला बसले. दुपार कलली होती, पोटात कावळे ओरडत होते, आणि त्या सुपाला घाबरायचं कारण नसलेला तोच एक माणूस होता. बाकीचे आपापल्या वाडग्याकडे सासुरवाडीत बुजलेल्या नव्या जावयासारखे बघत बसले. आजोबा मात्र घास घेत होते, चावत होते. मध्येच थांबले. पुन्हा चावलं. कुणाच्याही तोंडाकडे न बघता त्यांनी वाडग्यात बघितलं.

"सूनबाई," ते म्हणाले, "गाजर कच्चं आहे गं."

"हो ना, अगदीच कच्चं!" काका म्हणाले.

"मला पहिल्या घासालाच वाटलं होतं," आत्या म्हणाली.

"कच्चंच म्हणायचं," बाबा म्हणाले.

तिघांपैकी एकानेही अजून गाजराची फोड तोंडात घातली नव्हती. काकू टेबलापाशी आली. तिने आजोबांच्या वाडग्यातली एक फोड उचलून तोंडात टाकली, दोनदा चावली आणि मान डोलावली. मग ती त्या तिघांकडे वळली.

"आधी खा," ती म्हणाली. "मग बोला."